पेशंट कुठे बसलाय? अमेरिकेतल्या राज्यांच्या हद्दी आणि डॉक्टर-नर्सचं लायसन्स

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना येणारे "म्हणजे बघा", "तर काय" शक्य तितके काढलेत. राहिले असतील ते गोड मानून घ्या.

अमेरिकेतल्या आपल्या श्रोत्यांकडून मध्यंतरी एकाच धाटणीचे तीन प्रश्न आले. न्यू जर्सीतल्या एका ताईंची मुलगी कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला गेली. दोन वर्षं ज्या थेरपिस्टकडे तिचं समुपदेशन चालू होतं, त्यांनी सांगितलं, "तू तिकडे असताना मला तुझं सेशन घेता येणार नाही." ताईंचं म्हणणं, बोलणं तर व्हिडिओवरच आहे, मग मुलगी घरी बसून बोलली काय आणि हॉस्टेलवर बसून बोलली काय! थेरपिस्ट टाळतेय अशीच त्यांची समजूत झाली. दुसरा प्रश्न जर्सी सिटीत राहणाऱ्या एका नर्सचा. "माझं लायसन्स टेक्सासमध्ये चालतं, फ्लोरिडात चालतं, पण माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या मॅनहॅटनमध्ये चालत नाही. हा काय प्रकार आहे?" आणि तिसरा प्रश्न तर घरोघरचा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, पुण्याचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर बघतात आणि गोळ्या बदलतात, हे चालतं का?

तिन्ही प्रश्नांच्या बुडाशी एकच नियम आहे. तो एकदा समजला की बाकीचं आपोआप उलगडत जातं. नियम असा, की उपचार तिथे होतात जिथे पेशंट असतो. डॉक्टर कुठे बसलाय, दवाखान्याची पाटी कुठे आहे, पेशंटचा कायमचा पत्ता कुठला, यातलं काहीच धरत नाहीत. त्या क्षणी पेशंट ज्या राज्यात आहे, त्या राज्याचं लायसन्स डॉक्टरकडे पाहिजे. नसेल तर तो विनापरवाना व्यवसाय ठरू शकतो आणि त्यात स्वतःच्या राज्यातलं लायसन्सही धोक्यात येऊ शकतं. त्या थेरपिस्टबाई टाळत नव्हत्या. त्यांची भाकरीच पणाला लागली असती.

आता कुणालाही पडेल असा प्रश्न. देश एक, चलन एक, मग डॉक्टरकीचं लायसन्स पन्नास जागी पन्नास प्रकारचं कशाला?

याचं उत्तर अमेरिकेच्या घटनेत आहे. जे अधिकार घटनेनं केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे राहतात, असं तिथली दहावी दुरुस्ती सांगते. लोकांचं आरोग्य आणि सुरक्षितता सांभाळणं हे राज्यांचं काम मानलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे डॉक्टर म्हणून पाटी लावायला जवळपास कुणालाच अडवत नव्हते. कॉलेजं पैशाला पासरी, कुठे सहा महिन्यांत पदवी, तर कुठे नुसत्या उमेदवारीवर काम. मग एकेका राज्यानं कायदे करायला सुरुवात केली. वेस्ट व्हर्जिनियानं अट घातली की मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी दाखवा, नाहीतर राज्यात दहा वर्षं व्यवसाय केल्याचा पुरावा द्या, नाहीतर परीक्षा द्या. फ्रँक डेंट नावाचा एक डॉक्टर सहा वर्षं व्यवसाय करत होता. त्याच्याकडे सिनसिनाटीच्या एका कॉलेजचं प्रमाणपत्र होतं, पण राज्याच्या मंडळानं ते कॉलेज मानलं नाही. डेंटनं व्यवसाय चालूच ठेवला. त्याला ५० डॉलर दंड झाला आणि तो ५० डॉलरसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. (आपल्याकडचे बांधाचे खटले आठवले ना?) १८८९ साली कोर्टानं निकाल दिला की राज्याला असा कायदा करायचा पूर्ण अधिकार आहे. डॉक्टरकीत चुकीची किंमत लोकांच्या जिवानं मोजावी लागते आणि सामान्य माणसाला डॉक्टरचं ज्ञान पारखता येत नाही, तेव्हा ते राज्यानं पारखावं, असा त्यामागचा विचार. आजही लायसन्सचा सगळा डोलारा या निकालावर उभा आहे.

ज्या काळात डॉक्टर घोडागाडीतून फिरत होता, त्या काळात हे अगदी ठीक होतं. गंमत अशी की पुढे परीक्षा देशभर एकच झाली. डॉक्टरांना यूएसएमएलई, नर्सना एनक्लेक्स. ह्यूस्टनमध्ये द्या नाहीतर बोस्टनमध्ये, परीक्षा तीच. म्हणजे परीक्षा देशाची आणि लायसन्स राज्याचं! ज्याला चार राज्यांत पेशंट बघायचेत त्यानं चार अर्ज करायचे, चार वेळा पदवी आणि रेसिडेन्सीची कागदपत्रं मूळ संस्थेकडून मागवायची, बोटांचे ठसे द्यायचे, चार फिया भरायच्या आणि पुढे नूतनीकरणाच्या चार तारखा सांभाळायच्या. भारतात एमबीबीएस केलेल्यांचा त्रास आणखी वेगळा. मूळ कागद म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर कुणीतरी नातेवाईक उभा करणं आलं. शिवाय अटीही राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेत शिकलेल्या डॉक्टरला एक वर्षाची रेसिडेन्सी पुरते, परदेशी पदवीधराला तीन वर्षं लागतात.

यावर राज्यांनी जी तोड काढली तिचं नाव कॉम्पॅक्ट. कॉम्पॅक्ट म्हणजे राज्याराज्यांतला करार. प्रत्येक राज्याच्या विधिमंडळानं एकच मसुदा आपापला कायदा म्हणून मंजूर करायचा, की तो त्या सगळ्यांवर बंधनकारक. कल्पना जुनीच आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीनं १९२१ मध्ये असाच करार करून पोर्ट ऑथॉरिटी स्थापन केली. जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाणारी पाथ ट्रेन तीच संस्था चालवते. म्हणजे आपली ती नर्स ज्या गाडीत बसते ती गाडी दोन राज्यांच्या करारावर नदीखालून पलीकडे जाते, आणि तिचं लायसन्स मात्र अलीकडच्या स्टेशनवर उतरतं.

तर आधी नर्सचाच कॉम्पॅक्ट घेऊ, कारण तो सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत.

नर्स लायसन्स कॉम्पॅक्ट २००० साली मोजक्या राज्यांत सुरू झाला. त्याची कडक केलेली नवी आवृत्ती १९ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. आज ४० हून जास्त राज्यं त्यात आहेत. याचं तत्त्व गाडीच्या लायसन्ससारखं आहे. तुम्ही जिथे कायमचे राहता त्या राज्यानं तुम्हाला एकच 'मल्टिस्टेट' लायसन्स द्यायचं आणि ते सगळ्या सदस्य राज्यांत चालायचं. वेगळा अर्ज नाही, वेगळी फी नाही. पण पुण्याचं लायसन्स घेऊन बंगळुरात गाडी चालवली तरी सिग्नल बंगळुराचाच पाळायचा असतो ना? तसंच इथे. पेशंट ज्या राज्यात आहे तिथले नर्सिंगचे नियम लागू. कुठलं औषध स्वतःच्या अधिकारात देता येतं, कुठलं काम सहायकावर सोपवता येतं, हे राज्यागणिक बदलू शकतं, आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

यात दोन खाचाखोचा आहेत आणि त्यात पुष्कळ जण अडकतात. पहिली अशी, की लायसन्स तुमच्या राहत्या राज्याशी बांधलेलं आहे. नवऱ्याची नोकरी बदलली, बिऱ्हाड न्यू जर्सीहून टेक्सासला हललं, तर जुनं लायसन्स "तसंही चालतंय की" म्हणून तसंच ठेवता येत नाही. दोन्ही राज्यं सदस्य असली तरी नव्या राज्यात ६० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. हा ६० दिवसांचा नियम जानेवारी २०२४ पासून आहे. दुसरी अशी, की तुमचं राहतं राज्यच कॉम्पॅक्टमध्ये नसेल तर मल्टिस्टेट लायसन्स मिळतच नाही. कॅलिफोर्नियात राहणारी नर्स टेक्सासचं लायसन्स काढू शकते, पण ते फक्त टेक्सासपुरतं. शिवाय सदस्य राज्यात राहूनही प्रत्येकीला मल्टिस्टेट मिळतंच असं नाही. गुन्हेगारी नोंदींची तपासणी, एनक्लेक्स, परदेशात शिकलेल्यांसाठी पदवीचं मूल्यमापन आणि इंग्रजीची परीक्षा, सोशल सिक्युरिटी नंबर अशा समान अटी आहेत. त्यातली एखादी राहिली तर एका राज्यापुरतं लायसन्स मिळतं.

न्यू जर्सी सदस्य आहे, न्यूयॉर्क नाही. म्हणून मॅनहॅटन बंद. तिथे काम करायचं तर न्यूयॉर्कचं वेगळं लायसन्स काढणं आलं.

डॉक्टरांचा कॉम्पॅक्ट याहून वेगळा आहे. नावं सारखी असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात, म्हणून जरा नीट सांगतो. इंटरस्टेट मेडिकल लायसन्शर कॉम्पॅक्टमधून पहिली लायसन्सं २०१७ मध्ये निघाली. आज यातही ४० हून जास्त राज्यं आहेत. पण इथे 'एक लायसन्स, अनेक राज्यं' असं काही नाही. प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळंच मिळतं, फक्त रांग वेगळी. तिरुपतीला दर्शन सगळ्यांना तेच, पण तीनशे रुपयांच्या तिकिटाची रांग वेगळी असते, तसं समजा.

पद्धत अशी. डॉक्टरनं एक 'मुख्य राज्य' निवडायचं. ते कुठलंही चालत नाही. तिथलं पूर्ण लायसन्स हवं, आणि शिवाय तुमचं घर तिथे असावं, किंवा निदान २५ टक्के प्रॅक्टिस तिथे असावी, किंवा नोकरी देणारी संस्था तिथली असावी. यातलं काहीच बसत नसेल तर आयकरासाठी तुम्ही जिथले रहिवासी दाखवता ते राज्य. मग ७०० डॉलर भरून अर्ज करायचा. मुख्य राज्य तुमचं सगळं दप्तर तपासतं आणि पात्रतेचं पत्र देतं. ते ३६५ दिवस चालतं. त्या पत्राच्या जोरावर हवी ती राज्यं निवडायची, प्रत्येकाची फी वेगळी भरायची, की ती राज्यं पुन्हा कागदपत्रं न मागता लायसन्स देतात. एरवी ज्याला महिने लागतात ते काम इथे पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतं. पैशांत मात्र फारशी बचत नाही, उलट ७०० डॉलर जास्तीचे जातात. वाचतो तो वेळ आणि मनस्ताप.

पात्रता कडक आहे. रेसिडेन्सी पूर्ण झालेली हवी, आपल्या शाखेचं बोर्ड सर्टिफिकेशन हवं, यूएसएमएलईची प्रत्येक पायरी जास्तीत जास्त तीन प्रयत्नांत पार केलेली हवी, शिस्तभंगाची कारवाई झालेली नको, चौकशीही चालू नको. भारतात एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सी केलेला डॉक्टर यात बसतो. रेसिडेन्सी चालू असलेला बसत नाही. आणि एक इशारा, कारण याची गल्लत फार होते: लायसन्स वेगळं, व्हिसा वेगळा. जे-१ वरून सूट घेऊन डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं काम करायचा करार ज्यांनी केलाय, किंवा जे एच-१बी वर आहेत, त्यांच्या हातात दहा राज्यांची लायसन्सं असली तरी काम कुठे करायचं ते व्हिसाच ठरवतो.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क, म्हणजे आपली मराठी माणसं जिथे भरपूर आहेत ती दोन मोठी राज्यं, या दोन्ही कॉम्पॅक्टच्या बाहेर आहेत. इलिनॉय आणि मिनेसोटा डॉक्टरांच्या कॉम्पॅक्टमध्ये आहेत पण नर्सच्या नाहीत. असं का?

नर्सच्या बाबतीत एक मोठं कारण म्हणजे त्यांच्या संघटना. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा इथल्या नर्सच्या युनियन या कॉम्पॅक्टच्या विरोधात ठाम उभ्या आहेत. त्यांचं म्हणणं, आम्ही संपावर गेलो की हॉस्पिटल दुसऱ्या राज्यातून विमानानं नर्स आणणार, आणि मग आमच्या संपाला काय किंमत? शिवाय आमच्या राज्यानं आपल्या अटी वर्षानुवर्षं घासूनपुसून ठरवल्यात, त्या दुसऱ्याच्या अटींसाठी सैल का करायच्या? हॉस्पिटलवाल्यांचं उत्तर असं की खेड्यातल्या दवाखान्यात रात्रपाळीला माणूस मिळत नाही, तिथे या अटी कुणाच्या कामाच्या? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण संपाचा मुद्दा उघडपणे 'रुग्णसुरक्षा' या नावाखाली मांडला जातो, ते मला खटकतं. मजुरीचा लढा असेल तर तो त्याच नावानं लढावा.

रुग्णसुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यासाठी न्यू जर्सीचंच एक भयंकर उदाहरण आहे. चार्ल्स कलेन नावाचा नर्स. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांतली नऊ हॉस्पिटलं आणि एक नर्सिंग होम, असं १६ वर्षं तो फिरत राहिला. पेशंटना औषधांचे जीवघेणे डोस देत राहिला. डिसेंबर २००३ मध्ये पकडला गेला. पुढे त्यानं २९ खुनांची कबुली कोर्टात दिली, खरा आकडा याहून मोठा असल्याचं तो स्वतःच म्हणाला. काही ठिकाणी संशय आला होता, पण तिथून त्याला काढलं किंवा तो निघून गेला, आणि पुढच्या हॉस्पिटलला धड कुणी काही कळवलं नाही. यानंतर न्यू जर्सीनं २००५ मध्ये कायदा करून असं कळवणं सक्तीचं केलं.

या प्रकरणाचा वापर कॉम्पॅक्टचे विरोधक आणि समर्थक, दोघंही करतात. विरोधक म्हणतात, बघा, माणूस राज्य बदलून सुटतो, हद्दी आणखी सैल करू नका. मला उलट वाटतं. कलेनकडे दोन्ही राज्यांची रीतसर लायसन्सं होती. हद्दीनं त्याला अडवलंच नाही, हद्दीनं अडवली ती माहिती. कॉम्पॅक्टचं खरं बलस्थान तिथेच आहे. सदस्य राज्यांना चौकशीची आणि कारवाईची माहिती एकमेकांना द्यावीच लागते. नर्ससाठी 'नर्सिस' नावाचा एकत्रित डेटाबेस आहे. डॉक्टरांच्या कॉम्पॅक्टमध्ये तर मुख्य राज्यानं लायसन्स निलंबित किंवा रद्द केलं की कॉम्पॅक्टमधून मिळालेली बाकीची लायसन्संही आपोआप त्याच अवस्थेत जातात.

पण नेमकी हीच 'आपोआप'ची गोष्ट हल्ली काही जणांच्या घशाखाली उतरत नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा प्रश्न राज्यांवर सोडला. तेव्हापासून एका राज्यात जो कायदेशीर उपचार, तो शेजारच्या राज्यात गुन्हा, अशी स्थिती आहे. न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरनं टेक्सासमधल्या स्त्रीला गर्भपाताच्या गोळ्या पाठवल्या, असा दावा करत टेक्सासनं डिसेंबर २०२४ मध्ये खटला भरला. पुढच्याच महिन्यात लुईझियानात त्याच डॉक्टरवर फौजदारी आरोप ठेवले गेले, आणि त्यांना ताब्यात द्यायला न्यूयॉर्कच्या गव्हर्नरनी साफ नकार दिला. टेक्सास म्हणतं पेशंट आमच्याकडे होती, म्हणून कायदा आमचा. न्यूयॉर्कचा संरक्षण देणारा कायदा म्हणतो, डॉक्टर आमच्याकडे बसून काम करत होती, आम्ही तिच्या पाठीशी. सुरुवातीला सांगितलेला नियम, जिथे पेशंट तिथे उपचार, तोच इथे वादात सापडलाय. अशा वातावरणात "तुमच्या मंडळाची कारवाई आम्ही मुकाट्यानं मान्य करू" असं लिहून द्यायला राज्यं कचरतात, त्यात नवल नाही.

आता त्या ताईंच्या मुलीकडे वळू. मानसोपचाराचं क्षेत्र सगळ्यात गुंतागुंतीचं आहे, कारण 'थेरपिस्ट' या एका शब्दात चार-पाच वेगवेगळी लायसन्सं दडलेली असतात. डॉक्टरेट केलेले सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांच्यासाठी 'सायपॅक्ट' आहे. तो २०२० पासून चालू आहे, यातही ४० हून जास्त राज्यं आहेत, आणि त्यातून व्हिडिओवर सेशन घ्यायची एकत्रित परवानगी मिळते. प्रत्यक्ष भेटूनही वर्षाला एका राज्यात ३० दिवस काम करता येतं. पण मास्टर्स केलेले कौन्सेलर किंवा क्लिनिकल सोशल वर्कर यात येत नाहीत. त्यांचे कॉम्पॅक्ट वेगळे आणि अजून बाल्यावस्थेत आहेत. कौन्सेलरांच्या कॉम्पॅक्टमधून परवानग्या मिळायला सुरुवातच २०२५ मध्ये झाली. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमडी, त्यांना डॉक्टरांचा कॉम्पॅक्ट.

ताईंची मुलगी टेक्सासला गेली असती आणि थेरपिस्ट सायपॅक्टमधल्या सायकॉलॉजिस्ट असत्या, तर सेशन थांबलं नसतं. ती गेली कॅलिफोर्नियाला, जो सायपॅक्टमध्येही नाही. सुट्टीत घरी आली की सेशन होऊ शकतं, परत गेली की बंद. आईबापांसाठी व्यवहारातलं एवढंच सांगेन, की कॉलेज ठरलं की राहण्याच्या सोयीइतकंच हेही विचारा. थेरपिस्टचं लायसन्स नेमकं कुठलं, त्या राज्यात चालतं का, आणि नसेल तर ऑगस्टच्या आधी तिथला माणूस शोधून दोघांचं एकदा बोलणं करून द्या. नवं गाव, नवी खोली आणि त्याच आठवड्यात आधार तुटणं, हे फार वाईट असतं. मुलाला एडीएचडीची गोळी चालू असेल तर आणखी एक अडचण. ती नियंत्रित औषधांत मोडते आणि अशा औषधांसाठी डॉक्टरला डीईए या केंद्रीय खात्याची नोंदणीही राज्यागणिक वेगळी लागते. व्हिडिओवरून अशी औषधं लिहून द्यायच्या सवलती कोविडमध्ये मिळाल्या, त्यांना नंतर वारंवार मुदतवाढ देत गाडा चाललाय.

कोविडचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. २०२० च्या वसंतात जवळजवळ सगळ्या राज्यांनी या अटी सैल केल्या. हजारो मैलांवरचे तज्ज्ञ व्हिडिओवर भेटू लागले. मग २०२१ पासून एकेक राज्यानं सवलत काढून घेतली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला व्हर्जिनियातल्या हजाराहून जास्त पेशंटना कळवावं लागलं की तुमच्या व्हिडिओ अपॉइंटमेंट आता होऊ शकत नाहीत. त्या काळात लोकांनी काय केलं, तर गाडी काढून राज्याची हद्द ओलांडायची, पलीकडे एखाद्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, फोन डॅशबोर्डवर टेकवायचा आणि तिथून डॉक्टरशी बोलायचं! कॅन्सरचे पेशंट असे गाडीत बसून सल्ला घेत होते. नियमाचं पालन तंतोतंत झालं, पेशंट हद्दीच्या आत होता.

देशभर एकच लायसन्स अशक्य आहे का? तर नाही, एका ठिकाणी ते आजही चालतं. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत काम करणाऱ्या डॉक्टरला कुठल्याही एका राज्याचं लायसन्स पुरतं. २०१८ च्या नियमानुसार तो व्हिडिओवरूनही देशात कुठल्याही राज्यातल्या माजी सैनिकाला बघू शकतो. खेळाडूंच्या टीमबरोबर फिरणाऱ्या डॉक्टरांसाठीही त्याच वर्षी संसदेनं कायदा केला, की दुसऱ्या राज्यात सामन्याला गेले तरी त्यांचा विमा लागू राहावा. म्हणजे फुटबॉलपटूच्या गुडघ्यासाठी वाट निघाली. बाकीच्यांनी कॉम्पॅक्टची वाट बघायची.

आणि आता आई-बाबा. भारतात २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर पुण्यात बसून आसाममधल्या पेशंटला बघू शकतो, राज्याची आडकाठी नाही. प्रत्यक्ष दवाखाना थाटायचा असेल तर मात्र त्या राज्याच्या परिषदेत नोंदणी, आधीच्या परिषदेची एनओसी वगैरे आलंच. महाराष्ट्रातून गोव्यात गेलेल्या डॉक्टरांना विचारा. म्हणजे व्हिडिओपुरता विचार केला तर आपली पद्धत अमेरिकेपेक्षा सरळ आहे. पण त्याच तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की भारताच्या हद्दीबाहेरचा सल्ला यात येत नाही. तेव्हा एडिसनमध्ये सोफ्यावर बसलेल्या बाबांना पुण्याचे डॉक्टर फोनवर "मिठाचं जरा बघा" म्हणाले तर कुणी पोलीस येत नाही, पण त्या सल्ल्याला दोन्हीकडच्या नियमांत धड जागा नाही. आणि खरी अडचण गोळ्या संपल्यावर येते. तिथला फार्मसीवाला पुण्याची चिठ्ठी घेत नाही. म्हणून निघताना पूर्ण मुक्कामाची औषधं, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह बरोबर घ्या. चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून आणा. तिथल्या डॉक्टरला आपले ब्रँड कळत नाहीत. प्रवासाचा आरोग्यविमा काढलाच असेल, तर त्यात तिथल्या डॉक्टरची व्हिडिओ भेट धरलीय का तेही बघून ठेवा. अर्जंट केअरपेक्षा ती पुष्कळदा स्वस्त पडते.

फिजिओथेरपिस्ट मंडळींकडूनही विचारणा झाली होती, आणि अमेरिकेत आपली मराठी मुलं-मुली या व्यवसायात बरीच आहेत. त्यांचा कॉम्पॅक्ट २०१८ पासून चालू आहे. राहत्या राज्याचं लायसन्स हातात हवं, मागच्या दोन वर्षांत कारवाई झालेली नको, मग फी भरून दुसऱ्या सदस्य राज्याची 'प्रिव्हिलेज' विकत घ्यायची. काही राज्यं तिथल्या कायद्यांवर छोटी परीक्षा घेतात. भारतातली पदवी असली तरी अडत नाही, कारण पदवीचं मूल्यमापन राहत्या राज्याच्या लायसन्सच्या वेळीच झालेलं असतं.

हा कायदेशीर सल्ला नव्हे, हे वेगळं सांगायला नको. सदस्य राज्यांची यादी बदलत असते. प्रत्येक कॉम्पॅक्टच्या संकेतस्थळावर नकाशा असतो, अर्ज करायच्या दिवशीच तो उघडून बघा. नर्स असाल तर नर्सिसवर आपलं नाव टाकून फुकटात पाहता येतं की लायसन्स मल्टिस्टेट आहे की एका राज्यापुरतं. जर्सी सिटीच्या ताईंनी तेच करावं, आणि न्यूयॉर्कचा अर्ज आताच टाकून द्यावा. ज्या हॉस्पिटलला त्या हव्या आहेत त्यांना आधी विचारावं, कधीकधी ती फी हॉस्पिटलच भरतं.